पाव वर्तुळातले दोन सेंटिमीटर

जांभळी नाक्यावरून सुती कापडं आणून ठाण्यात घरोघरी क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधड्या, शिवणाऱ्यांचं गाडं हमखास एका जागी अडतं, ते म्हणजे गोलाई. चौकोन-त्रिकोण झरझर जोडले जातात. पण ‘ड्रंकर्ड्स पाथ’ हा जुना अमेरिकन नमुना घेतला की पाव वर्तुळाचा फुगीर तुकडा आणि त्याला सामावून घेणारा खोलगट तुकडा यांच्या कडा टेबलावर जुळतच नाहीत. कापताना चूक झाली असं वाटून पुष्कळजणी तिथेच पुन्हा कात्री चालवतात. ती चालवू नका, माप बरोबर आहे.

हिशोब पाहा. शिवण 3 इंच त्रिज्येवर यायची आहे आणि माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं कापड, पाव इंच आहे. म्हणजे फुगीर तुकड्याची कापलेली कड सव्वातीन इंच त्रिज्येवर येते, खोलगटाची पावणेतीनवर. पाव वर्तुळाची कड त्रिज्येच्या सुमारे 1.57 पट असते. एक कड 5.1 इंच, दुसरी 4.3. फरक जवळजवळ 2 सेंटिमीटर! शिवणरेषा मात्र दोन्हींवर सारखीच, 4.7 इंच. ब्लाउजच्या मुंढ्याला बाही चढवणाऱ्यांना हे हाताला माहीत असतं.

यातली मला फार सुंदर वाटणारी गोष्ट अशी, की त्रिज्या कितीही घ्या, हा फरक तेवढाच राहतो. वजाबाकीत त्रिज्या निघून जाते, उरते ती दोन्हीकडची मिळून अर्धा इंच माया. 6 इंची गोलाईत तेच 2 सेंटिमीटर दुप्पट लांबीवर पसरतात. म्हणून शिकायला मोठी गोलाईच घ्यावी; छोटी नाजूक दिसते, पण तीच जास्त छळते.

आता हा फरक पचवतं कोण? कापडच. उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने सुती कापड फारसं ताणत नाही. उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं की धाग्यांमधले बारीक चौकोन कलून शंकरपाळ्यासारखे होतात आणि कापड लांबतं. तुकड्याच्या सरळ बाजू धाग्याला धरून कापल्या असतील तर गोलाईची दोन्ही टोकं घट्ट राहतात आणि बरोबर मधला भाग उरेब येतो. म्हणून दोन्ही तुकडे दुमडून मध्यावर चुणी पाडायची, आधी तिथे टाचणी लावायची, मग टोकांना. खोलगट कडेच्या मायेत जेमतेम 3 मिलिमीटरचे कट मारले की ती उघडते. कट शिवणरेषेपर्यंत जाता कामा नयेत.

मशीनवर फुगीर तुकडा खाली ठेवा. सुईखालचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा थर फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, किंचित मागे राहतो. लांब कड खाली असली की ही ओढ कामी येते. वरच्या खोलगट तुकड्याला सुरकुती पडताना दिसते. तशी दिसली की सुई कापडातच ठेवून फूट उचलायचा, बोटाने कापड सपाट करायचं आणि पुढे जायचं.

शेवटी माया खोलगट तुकड्याकडे वळवा. तिकडे फुगीर तुकड्याची माया आपसूक सपाट बसते आणि दुसरीचे कट उघडतात. उलट वळवली तर जादा कापडाच्या चुण्या पडतात. इस्त्री घासू नका, उचलून उचलून ठेवा. घासली तर उरेब भाग ताणून ब्लॉकचा, म्हणजे दोन तुकडे जोडून झालेल्या तुकड्याचा, चौकोन बिघडतो.