रस्त्यावरच्या धुळीतलं तांबं कुणाचं?

पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक पुण्यातल्या एखाद्या दुभाजकाकडेच्या धुळीतून फिरवायचं, त्याला काळी दाट लव फुटली की 'बघा, हे आपल्या फुप्फुसात जातंय' म्हणायचं, असे व्हिडिओ हल्ली फिरतात. काळजी रास्त आहे, पुरावा चुकीचा. त्यात ब्रेकच्या डिस्कचा कीस थोडाफार असतो, पण खूपशी लव मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजाची असते. दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बसाल्ट, झिजला की ही रेती सुटी होतेच. ओढ्याच्या पात्रातही ती सापडते. शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम यांची खरी धास्ती, आणि त्यांतलं एकही चुंबकाला चिकटत नाही.

बरं, प्रयोगशाळेत तांबं मोजलं तरी पेच सुटत नाही. भूकवचाच्या वरच्या थरात तांबं दर दशलक्ष भागांत सरासरी २८ भाग असतं. आपल्या बसाल्टमध्ये मुळातच १०० च्या पुढे. मग धुळीतलं तांबं वाहनांचं की कातळाचं? इथे भूरसायनशास्त्राची एक युक्ती कामी येते, आणि मला ती फार आवडते. धुळीतलं ॲल्युमिनियम बहुतांशी दगडमातीतून येतं, म्हणून त्यालाच मापाचा आधार करायचं.

उदाहरणादाखल धरू की कातळात ॲल्युमिनियम ७ टक्के आणि तांबं १५० भाग आहे. धुळीत तांबं तेवढंच, १५०, पण ॲल्युमिनियम ३.५ टक्के. वरवर पाहता सगळं आलबेल. पण ॲल्युमिनियम निम्मं, याचा अर्थ दगडमातीही निम्मीच. तिच्या वाट्याचं तांबं ७५ भाग. उरलेलं ७५ बाहेरून आलं. तांबं भागिले ॲल्युमिनियम हे गुणोत्तर कातळाच्या दुप्पट झालं, म्हणून समृद्धी गुणांक २. याच धुळीची तुलना बसाल्टऐवजी भूकवचाच्या सरासरीशी केली, तर गुणांक १२ च्या आसपास जातो आणि बातमीला भडक मथळा मिळतो. धूळ तीच, संदर्भाचा दगड चुकला. म्हणून असा आकडा वाचताना तुलना कशाशी केली, हे आधी विचारावं.

पक्का साक्षीदार हवा असेल तर अँटिमनी हे मूलद्रव्य पाहावं. कातळात ते नावापुरतंच असतं, पण तापलेल्या ब्रेकची पकड स्थिर राहावी म्हणून अनेक ब्रेक पॅडमध्ये अँटिमनी सल्फाइड घालतात. सिग्नलपाशी तांबं आणि अँटिमनी जोडीने वाढलं, तर ते ब्रेकचंच. जस्त मुख्यतः टायरचं. रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड लागतं.

शिशाची कथा वेगळी. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण धातू कुजत नाही. रस्त्याकडेच्या मातीत मुरलेलं शिसं आजही धुळीबरोबर उडतं, मुलांच्या हातांवरून तोंडात जातं. मोठ्यांचं शरीर गिळलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषतं, लहान मुलांचं जवळपास निम्मा. तळपायाला पट्टी लावून 'जड धातू ओढून काढू' सांगणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. पट्टी ओलाव्याने काळी पडते. शंका असेल तर मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या.

घरात कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं फिरवावं, कारण धातू सर्वाधिक साठतात ते बारीक कणांवर, आणि झाडू नेमके तेच उडवतो. पीयूसी तपासणीची नळी मात्र सायलेन्सरच्या धुरापुरतीच, ब्रेक-टायरची धूळ ती मोजत नाही. ब्रेकच्या धुळीवर पहिली मर्यादा युरोपने वाहनांच्या प्रदूषणाच्या युरो-७ नियमांत घातली, तीही २०२४ मध्ये.