वेल्सचा अदृश्य किरण आणि ब्लास्टरची लाल रेघ

13 एप्रिल 2025 रोजी डीआरडीओने आंध्र प्रदेशात कर्नूलजवळ 30 किलोवॉटच्या लेसर शस्त्राची चाचणी घेतली आणि ड्रोन निकामी करून दाखवले. बातमी खरोखर मोठी होती. पण वाहिन्यांनी 'स्टार वॉर्स' हे दोन शब्द उचलले आणि पडद्यावर लाल-हिरव्या रेघा सटासट सुटू लागल्या, आवाजासकट. पाठोपाठ आपले पूर्वज आग्नेयास्त्र म्हणून हेच वापरत होते, असे संदेशही फिरले. महाभारत थोर आहे ते त्यातल्या माणसांमुळे. त्याला लेसरचं प्रमाणपत्र चिकटवणाऱ्यांनी ना महाभारत नीट वाचलेलं असतं, ना प्रकाशशास्त्र.

लेसरचा किरण बाजूने पाहणाऱ्याला दिसत नाही. प्रकाश दिसायचा तर तो डोळ्यात शिरावा लागतो, आणि लेसर तर सरळ पुढे निघालेला असतो. वाटेतल्या धुळीवर, धुरावर आपटून विखुरला तरच त्याची रेघ दिसते. विसर्जन मिरवणुकीत लेसरचे झोत उठून दिसतात ते हवेतल्या धुरामुळे. दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या नाशिक-कोल्हापूरकडून आल्या, त्यामागचं कारण मात्र वेगळं. डोळ्याचं भिंग तो झोत दृष्टिपटलावरच्या सूक्ष्म बिंदूवर एकवटतं. ऊर्जा किती आहे यापेक्षा ती किती जागेत ओतली जाते, हे महत्त्वाचं.

लेसर शस्त्राचं मर्मही हेच. अशा शस्त्रांत बहुधा सुमारे 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरतात. समजा 30 सेंटीमीटर व्यासाच्या आरशातून तो 5 किलोमीटरवर रोखला. विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाशाच्या पसरण्याच्या मूळ स्वभावामुळे, हवा आदर्श असली तरीही, ठिपका 4 सेंटीमीटरपेक्षा लहान होत नाही. 30 किलोवॉट तेवढ्यात ओतले तर तिथली तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे वीस हजार पट होते. प्रकाश तिथे सेकंदाच्या साठ हजाराव्या भागात पोचतो. पण पत्रा किंवा प्लास्टिक तापून निकामी व्हायला वेळ लागतो, आणि तोवर उडत्या ड्रोनच्या त्याच जागेवर तो ठिपका खिळवून ठेवावा लागतो. खरी करामत या खिळवण्यात आहे.

आता 1977 पासून पडद्यावर असलेला 'स्टार वॉर्स' चित्रपटांतला ब्लास्टर, म्हणजे तिथली किरण-बंदूक घ्या. त्याची रेघ दिसते, आवाज करते, आणि नायक ती चुकवतो. दहा मीटरचा बोळ पार करायला तिला पाव सेकंद लागतो असं धरलं, तर वेग निघतो ताशी 144 किलोमीटर, म्हणजे चांगल्या जलदगती गोलंदाजाच्या चेंडूइतका. हा प्रकाश नव्हे, हे उघड आहे. चाहत्यांचं त्यावर उत्तर तयार असतं: तो लेसर नाहीच, तप्त वायूचा, म्हणजे प्लाझ्माचा गोळा आहे.

हे उत्तर मला मनापासून आवडतं, कारण ते तपासून पाहता येतं.

नेहमीच्या घनतेची हवा 10,000 अंशांपर्यंत तापवली की तिचा दाब वातावरणाच्या निदान तीसपट होतो. रेणू फुटून कणांची संख्या वाढते, ते वेगळंच. असा वायू सेकंदाला किलोमीटरच्या वेगाने बाहेर उसळतो. दहा सेंटीमीटर रुंदीचा गोळा फुगून विस्कटायला सेकंदाचा दहा हजारावा भाग पुरे. तेवढ्या वेळात ताशी 144 किलोमीटरने निघालेला गोळा नळीच्या तोंडापासून अर्धा सेंटीमीटरही पुढे गेलेला नसेल. म्हणजे तो गोळी झाडणाऱ्याच्या हातातच फुटेल. याचा पुरावा आपल्याला दर पावसाळ्यात ऐकू येतो. वीज कोसळते तेव्हा तिच्या वाटेतली हवा सुमारे 30,000 अंशांपर्यंत तापते, आणि ती एकाएकी फुगल्याचा धक्का म्हणजे गडगडाट.

मग दाब बाहेरच्या हवेइतकाच ठेवला तर? तर घनता त्याच प्रमाणात उतरते. एक लिटर साध्या हवेचं वजन 1.2 ग्रॅम असतं, या गोळ्याचं जेमतेम 0.04 ग्रॅम भरेल. इतक्या हलक्या वस्तूला समोरची हवा जागीच थोपवते.

शेवटचा युक्तिवाद चुंबकीय क्षेत्राचा. प्लाझ्मातले कण विद्युतभारित असतात, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला कोंडू शकतं. या क्षेत्रालाही स्वतःचा दाब असतो. 1 टेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्राचा दाब सुमारे 4 वातावरणं, आणि तो क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीसपट दाब अडवायला जवळजवळ 3 टेस्ला हवेत. मोठ्या रुग्णालयांतल्या ताकदवान एमआरआय यंत्रात असतात तितके. पण एमआरआयमध्ये ते क्षेत्र टिकवणारी तारांची वेटोळी जागेवर बसलेली असतात. गोळा बंदुकीतून सुटला की वेटोळी मागे राहतात. प्लाझ्मातच विद्युतप्रवाह फिरवून क्षेत्र सोबत नेता येतं. पण व्हिरियल प्रमेय हे ऊर्जा आणि बलांचा ताळेबंद मांडणारं भौतिकशास्त्रातलं सूत्र सांगतं की असा गठ्ठा केवळ स्वतःच्या बळावर स्वतःला बांधून ठेवू शकत नाही. त्याला बाहेरून कोणीतरी दाबून धरावंच लागतं. अमेरिकेच्या हवाई दलाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू मेक्सिकोत 'शिवा स्टार' या कपॅसिटरांच्या (वीज साठवणाऱ्या घटकांच्या) प्रचंड संचातून प्लाझ्माची वलयं वेगाने फेकून पाहिली. ती निर्वात पोकळीत, धातूच्या नळ्यांच्या आधाराने. खोलीभर यंत्रसामग्री, आणि प्लाझ्मा काही मिलिग्रॅम.

'स्टार ट्रेक' या अवकाशमालिकेचे कर्ते जास्त सावध होते. पहिल्या नमुना भागात त्यांच्या पात्रांकडे लेसर पिस्तुलं होती. मालिका 1966 मध्ये सुरू झाली तेव्हा लेसरचा शोध लागून सहा वर्षं झाली होती, प्रेक्षक हिशेब विचारू लागले असते. म्हणून नाव बदलून 'फेझर' केलं. नवं नाव, नवे नियम. लेखक म्हणून हे शहाणपणाचंच.

पण मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं ते सर्वांत जुनं शस्त्र. एच. जी. वेल्स यांच्या 1898 च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मधला मंगळवासीयांचा उष्णता-किरण अदृश्य आहे. तीव्र उष्णता एका बंदिस्त कप्प्यात निर्माण करायची, अन्वस्त (पॅराबोलिक) आरशाने तिचा जवळजवळ समांतर झोत करायचा आणि तो फिरवायचा. लेसरच्या 62 वर्षं आधी वेल्स यांनी तीन प्रश्न विचारले होते: उष्णता कुठून येते, कशी वळवली जाते, आणि पोचते तिथे काय करते.

या तिसऱ्या प्रश्नावर फेझरही अडखळतो. त्याने माणूस क्षणात नाहीसा होतो, शेजारी उभ्या असलेल्याच्या केसालाही धक्का लागत नाही. 70 किलोचं शरीर सोयीसाठी पूर्ण पाणी मानलं, तर त्याची वाफ करायला सुमारे 175 मेगाज्यूल लागतात, म्हणजे चाळीसेक किलो टीएनटीच्या स्फोटाची ऊर्जा. नाहीसं काहीच होत नाही. मागे उरते ती 100 अंशांची जवळपास 117 घनमीटर वाफ. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा चार खोल्या तिने भरतील, आणि शेजारचा माणूस त्या वाफेतच उभा असेल.