अधिक संसर्गक्षम विषाणुप्रकार आणि लसीचे संरक्षण

विषाणूचा नवा, वेगाने पसरणारा प्रकार आला की आधीच्या लसीचे संरक्षण किती टिकते, याची ही नोंद मुख्यतः कोव्हिड-१९ च्या विषाणूपुरती आहे.

पसरण्याचा वेग आणि प्रतिपिंडांना (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडींना) चुकवण्याची क्षमता हे दोन वेगळे गुण होत. त्यांची गल्लत वारंवार होते. गोवराचा एक रुग्ण लसीकरण नसलेल्या समूहात १२ ते १८ जणांना लागण करतो असे सामान्यतः मानतात, तरी लसीच्या दोन मात्रा सुमारे ९७ टक्के संरक्षण देतात. नुसती संसर्गक्षमता वाढली, तर मुख्यतः समूह प्रतिकारशक्तीचा उंबरठा, म्हणजे साथ थांबण्यास जितके लोक संरक्षित हवेत ते प्रमाण, वर सरकतो. पुनरुत्पादन अंक (एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो तो आकडा) ३ असेल आणि लस संक्रमण ८० टक्के रोखत असेल, तर सुमारे ८३ टक्के लोकांचे लसीकरण पुरते. अंक ६ झाला की हेच उत्तर १०४ टक्के येते. म्हणजे एकट्या त्या लसीने साथ थांबत नाही.

कोव्हिडच्या अल्फा प्रकारात स्पाइक प्रथिनातील (विषाणू ज्याने पेशीला चिकटतो त्या काट्यातील) एन५०१वाय या बदलाने पेशीला चिकटणे घट्ट झाले. प्रतिपिंड मात्र बहुतांशी लागू पडत राहिले. बीटामध्ये ई४८४के या बदलाची भर पडली आणि प्रतिपिंडांचा प्रभाव बराच घटला. डेल्टाची सरशी कशामुळे झाली, यावर मतभेद आहेत. काहींच्या मते पी६८१आर या बदलामुळे पेशीत होणारा सुलभ प्रवेश महत्त्वाचा, तर काही प्रतिपिंडांना अंशतः चुकवण्याला महत्त्व देतात. इंग्लंडमधील २०२१ च्या अभ्यासात फायझर लसीच्या दोन मात्रांचे लक्षणयुक्त आजारापासूनचे संरक्षण अल्फाविरुद्ध ९३.७, तर डेल्टाविरुद्ध ८८ टक्के आढळले. घट एवढी थोडी असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. एकाच मात्रेनंतरचे संरक्षण मात्र डेल्टाविरुद्ध ३० टक्क्यांच्या आसपासच होते (फायझर व ॲस्ट्राझेनेका या दोन्ही लसी मिळून). ओमिक्रॉनची गोष्ट उलट दिसते. डेन्मार्कमधील कुटुंबांच्या अभ्यासात लस न घेतलेल्यांना डेल्टा व ओमिक्रॉनची लागण जवळपास सारख्याच प्रमाणात झाली. लसवंतांमध्ये मात्र ओमिक्रॉन बराच पुढे होता, म्हणजे त्याची सरशी मुख्यतः प्रतिपिंडांना चुकवण्यामुळे दिसते.

प्रतिपिंड कोणत्या प्रकाराला किती रोखतात, हा फरक प्रयोगशाळेत निष्प्रभीकरण चाचणीने मोजतात. रक्तद्रव ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवून त्यातील पूरक प्रथिने (प्रतिपिंडांखेरीज विषाणूवर परिणाम करू शकणारी रक्तातील प्रथिने) निकामी करतात. मग त्याची १:१०, १:२०, १:४० अशी दुपटीची विरलने करून प्रत्येकात ठरावीक विषाणू मिसळतात व सुमारे तासाभराने मिश्रण पेशींच्या थरावर घालतात. त्यावर अर्धघन माध्यमाचे आवरण देतात, नाहीतर विषाणू सर्वत्र पसरून चट्टे (विषाणूने पेशी मारल्याने थरात पडलेले ठिपके) वेगळे मोजता येत नाहीत. ज्या विरलनाला चट्टे निम्मे होतात, ते अनुमाप; ते जितके उंच, तितके प्रतिपिंड प्रभावी. पेशी बदलल्या की आकडा बदलतो: ओमिक्रॉन पेशीत शिरताना टीएमपीआरएसएस२ या पेशीवरील विकरावर (एन्झाइमवर) कमी अवलंबून असतो, त्यामुळे हे विकर असलेल्या व नसलेल्या पेशींवरचे निष्कर्ष सरसकट जुळत नाहीत. दोन प्रयोगशाळांचे अनुमापही आंतरराष्ट्रीय मानक नमुन्याशी जुळवल्याखेरीज ताडून पाहू नयेत.

‘अनुमाप चौपट घटले’ याचा अर्थ ‘संरक्षण चौपट घटले’ असा होत नाही. दोहोंचा संबंध इंग्रजी एस अक्षरासारख्या वक्राचा आहे. अनुमाप मुळातच उंच असेल तर चौपट घटही पचते, वक्राच्या उताराच्या भागात असेल तर तीच घट संसर्गाला वाट करून देते. अनुमाप उंचावणाऱ्या वर्धक (बूस्टर) मात्रेचा उपयोग इथेच होतो. २०२१ मधील एका गणिती प्रतिमानानुसार गंभीर आजार निम्म्याने टळण्यास लागणारी प्रतिपिंड पातळी ही लक्षणयुक्त संसर्ग तितकाच टाळण्यास लागणाऱ्या पातळीच्या सुमारे सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकीच आहे. शिवाय टी-पेशी (बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या प्रतिकार पेशी) स्पाइकचे अनेक तुकडे ओळखतात आणि त्यांतले बहुतेक ओमिक्रॉनमध्येही न बदलता राहिले.

क्षेत्रीय अभ्यासांत चाचणी-नकारात्मक पद्धत रूढ आहे: लक्षणे असलेल्यांपैकी बाधित व अबाधित ठरलेल्यांचे लसीकरण ताडून पाहतात. लस न घेतलेल्यांपैकी अनेकांना आधी नकळत संसर्ग झालेला असेल, तर लसीचा परिणाम खऱ्यापेक्षा कमी दिसतो. शेवटच्या मात्रेपासूनचा काळ वेगळा न काढल्यास काळाने आलेली घट नव्या प्रकाराच्या माथी मारली जाते. इंग्लंडमध्ये ओमिक्रॉनविरुद्ध फायझरच्या दोन मात्रांचे संरक्षण २ ते ४ आठवड्यांनी ६५.५ टक्के, तर २५ आठवड्यांनंतर ८.८ टक्के होते.

लसीतील प्रतिजन (प्रतिकारशक्ती ज्याला ओळखायला शिकते तो विषाणूचा भाग) बदलून २०२२ मध्ये द्विसंयुजी (मूळ विषाणू व ओमिक्रॉन अशा दोन प्रकारांवरच्या) व २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५ या ओमिक्रॉनच्या उपप्रकारावर आधारित लसी आल्या.