गाव केवढं आणि त्यातली जागी माणसं किती

सनसेट व्हॅलीत सकाळचे आठ वाजतात आणि निम्मं गाव एकदम दाराबाहेर पडतं. शाळेची बस घरांपुढे थांबते, कामावर जाणाऱ्यांना न्यायला गाड्या येतात, कोणी बागेकडे धावायला निघतं, कोणी फ्रीज उघडून उभं असतं. ‘द सिम्स ३’ या, आभासी माणसांचे संसार चालवायच्या संगणकीय खेळातलं हे गाव, आणि तो खेळणाऱ्यांना ही वेळ चांगलीच ओळखीची आहे. नकाशा सरकवला तर गचके बसतात, माणसं चालता चालता थबकतात, लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागतो. वस्ती लहान असेल तर थोड्या वेळात सगळं सुरळीत होतं. पण ज्यांनी हौसेनं शंभर-सव्वाशे घरं मांडून प्रत्येक घरात कुटुंब वसवलेलं असतं, त्यांच्याकडे सकाळचा हा गचका हळूहळू दिवसभराचा होतो. पहिला संशय पडद्यावरची चित्रं रेखणाऱ्या ग्राफिक्स कार्डवर जातो. बहुतेक वेळा ते बिचारं निर्दोष असतं.

मोठं शहर आणि संगणकाची ताकद यांची ओढाताण ‘सिम्स’च्या जन्माआधीपासूनची आहे. ती समजून घ्यायची तर १९८९ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी ‘सिम्स’चाच कर्ता विल राइट याचा ‘सिमसिटी’ हा शहर वसवायचा खेळ आला. प्रेरणा होती अमेरिकी प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या ‘अर्बन डायनॅमिक्स’ या अभ्यासाची, ज्यात शहर म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या आकड्यांचे प्रवाह. ‘सिमसिटी’चा नकाशा १२० बाय १०० चौकटींचा होता. प्रत्येक चौकटीला जमिनीचा भाव, प्रदूषण, गुन्हेगारी असे आकडे चिकटलेले. पडद्यावर लोकसंख्या पन्नास हजार दिसली, तरी त्या पन्नास हजारांतला एकही माणूस संगणकात कुठेच नव्हता. त्यामुळे लोकसंख्या दुप्पट झाली तरी संगणकाचं काम दुप्पट होत नसे. हिशोब करायच्या चौकटी तेवढ्याच, १२ हजार. माणसांवाचून शहर चालवायची ही युक्ती त्या काळच्या संगणकांना पेलणारी होती.

ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांना आग लागली आणि राइटचं घर जळून गेलं. संसार पुन्हा उभा करताना घराला नेमकं काय काय लागतं, आणि का लागतं, हा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला. त्यातूनच ४ फेब्रुवारी २००० रोजी ‘द सिम्स’ बाजारात आला. आता चौकटी मागे पडल्या आणि माणूस पुढे आला.

या माणसाची रचना मला आजही अतिशय देखणी वाटते. पहिल्या ‘सिम्स’मधल्या पात्राला आठ गरजा होत्या : भूक, झोप, स्वच्छता, करमणूक वगैरे. पात्र स्वतः फारसं हुशार नव्हतं, हुशारी वस्तूंमध्ये भरलेली होती. फ्रीज सतत ‘मी भूक भागवतो’ अशी जाहिरात करत असे, पलंग ‘मी थकवा घालवतो’ अशी, टीव्ही ‘मी मन रमवतो’ अशी. भाजी मंडईत चारी बाजूंनी हाका याव्यात आणि आपण घरात काय संपलंय ते आठवून एका गाड्याकडे वळावं, तसं ते पात्र जाहिराती ऐकायचं, स्वतःच्या रिकाम्या गरजांशी त्या ताडून बघायचं आणि एक निवडायचं. निवड झाली की वाट शोधायची. सोफा आडवा आला तर वळसा, दारात कोणी उभं असेल तर थांबा.

खर्च नेमका इथे होतो. एका घरात आठ माणसं आणि शंभर वस्तू असतील तर हा बाजार संगणकाला झेपतो. पहिल्या ‘सिम्स’ला २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ३२ एमबी रॅम पुरत असे, कारण एका वेळी एकच घर जागं असायचं. आपण एका घरात असताना शेजारी गोठलेले असत. तान्हं बाळ, उकळती भाजी, भांडण, सगळं आपण परत येईपर्यंत जागच्या जागी. सप्टेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘सिम्स २’मध्ये सगळं त्रिमितीत आलं, माणसं म्हातारी होऊ लागली, पण घर सोडलं की पुन्हा लोडिंग स्क्रीन, म्हणजे पुढची जागा उघडेपर्यंत थांबवून ठेवणारा पडदा, आणि मागचं घर पुन्हा झोपेत.

जून २००९ मध्ये ‘सिम्स ३’नं ही झोप मोडली. घरातून बाहेर पडावं, रस्ता ओलांडावा, शेजारणीच्या अंगणात जावं आणि मध्ये कुठे पडदा काळा होऊ नये. आपण बघत नसलो तरी गावात लग्नं होतात, मुलं होतात, नोकऱ्या लागतात आणि सुटतात. ज्यांनी आधीचे दोन भाग खेळले होते, त्यांना पहिल्यांदा त्या रस्त्यावरून चालत जाताना काय वाटलं असेल, हे नव्यानं खेळणाऱ्याला सांगून कळणार नाही. आणि हे विंडोज एक्सपीच्या १ जीबी रॅमच्या संगणकावर चालेल असं खोक्यावर छापलेलं होतं.

ते जमवण्यासाठी बनवणाऱ्यांनी काय काय केलं होतं, ते नीट बघितलं पाहिजे. गावातली शाळा, दवाखाना, थिएटर, ऑफिसं या आतून बंद इमारती होत्या. पात्र दारातून आत गेलं की दिसेनासं व्हायचं आणि पाळी संपली की बाहेर यायचं. खेळाडू त्यांना ‘रॅबिट होल’ म्हणतात, म्हणजे सशाचं बीळ. ऑक्टोबर २०१० च्या ‘लेट नाइट’बरोबर ब्रिजपोर्ट नावाचं गगनचुंबी इमारतींचं शहर आलं, त्यात एका टॉवरमध्ये राहण्याजोगं असतं ते आपल्या कुटुंबाचं घर. बाकीचे मजले म्हणजे नुसतं कवच. शेजाऱ्यांची दारं दिसतात, पण त्यांच्यामागे खेळवता येईल असा संसार नाही. अनेकांना ही फसवणूक वाटली. मला वाटतं, त्या बंद दारांमुळेच ब्रिजपोर्ट उभं राहू शकलं.

२००९ च्या अखेरीस खेळाडूंना स्वतःची गावं घडवायचं ‘क्रिएट अ वर्ल्ड’ हे साधन मिळालं आणि मर्यादा उघड्या पडायला लागल्या. डोंगर, खाड्या, शेकडो भूखंड, हजारो झाडं असे नकाशे तयार झाले. त्यांत लोक राहायला आले की तीन वेगवेगळ्या भिंती एकामागून एक लागत.

पहिली भिंत आठवणींची. कोण कोणाला ओळखतो, कोणाशी किती पटतं, याची नोंद जोडीजोडीनं ठेवावी लागते. आठ माणसांत २८ जोड्या होऊ शकतात, शंभरांत ४,९५०, तीनशेत ४४,८५०. सगळे सगळ्यांना भेटत नाहीत हे खरं, पण माणसं तिप्पट झाली तर नात्यांच्या शक्यता नऊपट होतात, हे गणित काही सुटत नाही.

दुसरी भिंत वाटांची. वाट शोधायची उत्तम पद्धत १९६८ पासून संगणकशास्त्रात आहे. स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत ती शेकी नावाच्या यंत्रमानवासाठी तयार झाली होती. पण घरातल्या घरात वाट शोधणं वेगळं आणि अख्ख्या गावातून शोधणं वेगळं. नकाशात कुठे फुटपाथ तुटलेला असेल, किंवा पात्र अशा जागी अडकलं असेल की जिथून वाटच निघत नाही, तर ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं. एक अडकलेलं पात्र स्वतः त्रासतं आणि सगळ्या गावाला मंद करतं. जून २०१३ च्या ‘आयलंड पॅराडाइज’मधलं इस्ला पॅराडिसो हे बेटांचं गाव यासाठी खेळाडूंमध्ये कायमचं बदनाम झालं. पाणी, पूल, तरंगती घरं, आणि त्यांत अडकलेली माणसं. त्यावर प्रोसेसरचे जास्तीचे कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे त्याचे भागही, फारसे कामाला येत नाहीत, कारण पात्रांच्या निर्णयांचं बरंचसं काम एकाच धाग्यावर, एकापाठोपाठ एक चालतं. स्वयंपाकघरात चार जणी असल्या तरी पोळपाट-लाटणं एकच असेल, तर पोळ्यांचा वेग तेवढाच राहतो.

तिसरी भिंत सगळ्यांत कठोर. खेळ ३२ बिटचा होता. आपला पिनकोड सहा आकडी आहे, त्यामुळे देशात दहा लाखांहून जास्त पिनकोड होऊच शकत नाहीत. तसंच ३२ बिटच्या प्रोग्रामला रॅममधले ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच लिहिता येतात, म्हणजे ४ जीबी. तुम्ही संगणकात ३२ जीबी रॅम बसवली तरी उरलेली त्याच्यासाठी नसल्यासारखीच. ‘सिम्स ३’चे ११ मोठे आणि ९ छोटे जोडसंच निघाले. सगळे बसवले, वर उतरवून घेतलेले कपडे-फर्निचर टाकलं आणि मोठं गाव उघडलं, की आकडा त्या छताकडे सरकायला लागतो. मग एखाद्या रात्री खेळ सेव्ह करायला जावं आणि पडद्यावर ‘एरर १२’ यावं, म्हणजे सेव्ह झालंच नाही. दोन-तीन पिढ्यांचा संसार असतो तो. ज्यांचा असा गेला, त्यांची हळहळ मला समजते.

दोष चित्रांचा नसतो, याचा सर्वांत चांगला पुरावा दुसऱ्याच खेळात आहे. दोघा भावांनी घडवलेला आणि २००६ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलेला ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा बुटक्यांची वसाहत वसवायचा खेळ अनेक वर्षं निव्वळ अक्षरं आणि चिन्हं यांनी पडदा भरत होता. चित्र नाही, सावली नाही. तरीही वसाहत वाढली की तो रांगायला लागे, आणि खेळाडूंनी त्याला ‘एफपीएस डेथ’ असं नावच दिलं (एफपीएस म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्यानं रेखला जातो तो आकडा). लोकसंख्येची ठरीव मर्यादा तिथे दोनशेची. दोनशे बुटके, त्यांची मांजरं, त्यांच्या मनातली दुखणी आणि प्रत्येकाची वाट, एवढं एका चांगल्या संगणकाला दमवायला पुरतं.

शहर बांधण्याच्या खेळांनाही पुढे माणसं हवीशी वाटली. मार्च २०१३ च्या ‘सिमसिटी’त चौकटींऐवजी रस्त्यावरून खरोखर फिरणारे नागरिक होते. पण त्यांना कायमचं घर नव्हतं. काम सुटलं की जे पहिलं रिकामं घर सापडेल त्यात ते शिरायचे. त्याची किंमत म्हणून शहर साधारण २ किलोमीटर बाय २ किलोमीटरचं. खेळाडूंनी मोठ्या शहरांसाठी लावून धरलं. ‘सिमसिटी’ बनवणाऱ्या मॅक्सिस कंपनीनं महिनोनमहिने चाचण्या केल्या आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर केलं की मोठी शहरं देता येणार नाहीत, बहुतांश खेळाडूंच्या संगणकांवर ती उघडणारसुद्धा नाहीत. एवढं स्पष्ट उत्तर त्याआधी कोणी दिलं नव्हतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये ‘सिम्स ४’ आला तो लोडिंग स्क्रीन परत घेऊनच. गावाचे तुकडे झाले, शेजारी पुन्हा झोपले. खेळ सुरळीत चालू लागला, साध्या लॅपटॉपवरही. हिशोबाच्या बाजूनं निर्णय बरोबर होता, हे मान्य करावं लागतं. पण चालत शेजारी जाता येणं गेलं, आणि एवढ्याचसाठी कित्येक जण आजही २००९ च्या खेळाला धरून आहेत.

२०१५ चा फिनलंडमधल्या कंपनीचा ‘सिटीज : स्कायलाइन्स’ हा शहर बांधायचा खेळ या बाबतीत प्रामाणिक होता. त्याच्या मर्यादा उघड मोजता येतात. नोंद १०,४८,५७६ नागरिकांची, पण एका वेळी प्रत्यक्ष हिंडणारे फार तर ६५,५३६ आणि वाहनं १६,३८४. बाकीचे लोक यादीत असतात, रस्त्यावर नसतात. २०२३ च्या दुसऱ्या भागानं ही कुंपणं हटवून काम अनेक कोअरवर वाटलं, पण सुरुवातीला इथे चित्रंही आडवी आली. दूरवर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या माणसांच्या तोंडातले दातसुद्धा संगणक पूर्ण तपशिलानं रेखत होता.

लोडिंग स्क्रीन नसलेलं गाव देऊ म्हणणारा ‘लाइफ बाय यू’ जून २०२४ मध्ये बाजारात येण्याआधीच रद्द झाला. मार्च २०२५ मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीचा, ‘सिम्स’च्याच धर्तीचा ‘इनझोई’ आला. बीजीएमआय हा मोबाइलवरचा खेळ खेळणाऱ्यांना क्राफ्टन हे नाव परिचयाचं आहे, आणि ‘रिअल क्रिकेट’ बनवणारी पुण्याची नॉटिलस मोबाइलही त्याच वर्षी या कंपनीच्या ताब्यात गेली. ‘इनझोई’च्या एका शहरात तीनशेपर्यंत माणसं, आणि किमान १२ जीबी रॅम. सोळा वर्षांत रॅमची अट १ वरून १२ जीबीवर गेली, माणसांचा आकडा मात्र अजून शेकड्यातच आहे.

‘सिम्स ३’ची मोठी गावं मात्र खेळाडूंनीच तगवली. खेळातली ग्राफिक्स कार्डांची यादी जुनी झाल्यानं नवं कार्ड ओळखू येत नाही, तर ती फाइल उघडून त्यात आपल्या कार्डाचं नाव लिहायचं. इंटेलच्या १२ व्या पिढीच्या प्रोसेसरवर खेळ सुरूच होईना, तेव्हा त्याची दुरुस्तीही खेळाडूंकडूनच आली. अनुभवी नगररचनाकार नकाशावर घरं भरपूर मांडतात, पण बरीचशी रिकामी ठेवतात, झाडं मोजून लावतात, आणि ‘एनरास’चे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेल्या जोड-फाइली, बसवतात. त्यांतला ‘ओव्हरवॉच’ खेळातल्या रोजच्या रात्री, गाव झोपलेलं असताना, अडकलेल्या माणसांना मोकळं करतो आणि कोणाच्याच नसलेल्या गाड्या रस्त्यांवरून उचलून नेतो. मग सकाळी आठ वाजता शाळेची बस दारात येते.