कोल्हापूर जिल्ह्यातील धोकादायक प्राणी

दंश, चावा, धडक किंवा हल्ला यांमुळे माणसाला गंभीर इजा करू शकणारे आणि कोल्हापूर जिल्ह्यात माणसाच्या रोजच्या वाटेवर येणारे प्राणी. प्राणी किती ताकदवान आहे यापेक्षा तो माणसाला कुठे, कोणत्या वेळी आणि कोणते काम करताना गाठतो, यावर धोका ठरतो. बिबट्या दिसला की चार गावांत बातमी पसरते. मण्यार मात्र मध्यरात्री अंथरुणात चावून निघून जाते आणि सकाळपर्यंत घरातल्यांना पत्ता लागत नाही. जिवावर बेतणाऱ्या प्राण्यांचा विचार करताना साप आधी आणि बिबट्या बराच नंतर येतो, हा क्रम लक्षात ठेवूनच ही नोंद वाचावी.

जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्री आहे. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड हे तालुके डोंगराला लागून किंवा डोंगरातच आहेत. पूर्वेला करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल हा पंचगंगा, कृष्णा, वारणा आणि दूधगंगेच्या पाण्यावरचा उसाचा पट्टा आहे. जंगल आणि शिवार यांच्यामध्ये कुंपण नाही. ऊस थेट रानाच्या कडेला जाऊन भिडतो. आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत उभा राहतो. त्यात गारवा असतो, पाणी असते, उंदीर आणि डुकरे असतात आणि माणूस फारसा आत शिरत नाही. जनावराच्या दृष्टीने ते जंगलच झाले.

साप : ग्रामीण भागात सर्पदंशाला ‘पान लागले’ असे म्हणतात. रात्री सापाचे नाव घेण्याऐवजी ‘जनावर’, ‘किडूक’ असे म्हटले जाते. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. मरणारे बहुतेक खेड्यातले आणि शेतात राबणारे असतात.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातले चार प्रमुख विषारी साप. कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात सर्वांत जास्त जपावे ते घोणशीपासून. अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी, जाड शरीर, आखूड शेपूट आणि डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार. उंदरांसाठी ती उसात राहते आणि पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याच्या, रंगात मिसळून जाते. अजगराचे पिल्लू समजून तिला हातात धरणारे लोक आजही आढळतात. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जाऊ लागते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. ती अंडी न घालता जिवंत पिल्ले देते, एका वेळी कित्येक. ही पिल्ले उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडाला बाहेर पडतात, आणि ती जन्मतःच विषारी असतात.

मण्यारीचे विष मज्जासंस्थेवर काम करते. दंश जवळजवळ दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पोटदुखी म्हणून घरगुती उपाय करण्यात नेमका तोच वेळ जातो, ज्या वेळात रुग्ण वाचला असता. काळ्या चकचकीत अंगावरचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे विरळ होत जातात. घरांच्या भिंतीवर चढणाऱ्या बिनविषारी कवड्या सापाचे पट्टे याच्या उलट, मानेकडे ठळक असतात. फरक सांगितला तरी अंधारात तो पाहत बसू नये. मण्यार बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. म्हणून साधी खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा तिच्यावरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. ऑक्टोबरनंतर मराठवाड्यातून येणारे ऊसतोड मजूर उसाच्या पाल्याच्या खोपीत, जमिनीवर अंथरूण टाकून लहान मुलांसह झोपतात. त्यांच्याकडे ना खाट असते ना मच्छरदाणी. मजूर आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना खाटांचा विचार करत नाही, आणि ही गोष्ट मनाला लागते.

झोपेनंतरची दुसरी धोक्याची वेळ म्हणजे रात्रीचे पाणी. शेतीपंपाला वीज रात्री मिळाली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जावे लागते. ओल्या सरीत दारे मोडताना, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवताना, पाय कशावर पडतो ते दिसत नाही. दिवसा दहा तास वीज द्यावी म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरले होते. त्या मागणीमागे हाच अंधार होता. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात काठी आणि चांगली बॅटरी यांनी बरेच दंश टळतात, कारण घोणस आणि नाग चावतात ते बहुधा पायाच्या खालच्या भागाला.

तिसरी वेळ महापुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ती ओलांडून पाणी वस्तीत शिरले. पाणी चढते तसे साप बिळे सोडून उंचवट्याकडे सरकतात, आणि उंचवट्यावर माणसेही आलेली असतात. पूर ओसरल्यावर घर साफ करताना कपाटामागे, भांड्यांत, ओल्या वैरणीच्या गंजीत हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे.

दंश झाल्यावर दोरी घट्ट आवळणे, ब्लेडने चिरा देणे, विष चोखणे, कोंबडी लावणे हे सगळे घातक आहे. अंगठी, जोडवी, बांगड्या, पैंजण लगेच काढावेत. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा. रुग्णाला चालवू नये. दंशाची वेळ लिहून ठेवावी आणि गाठता येईल त्या सरकारी रुग्णालयात न्यावे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही, कारण भारतात मिळणारी प्रतिविष लस चारही प्रमुख सापांसाठी एकच आहे. घाटमाथ्यावरच्या हिरवा चापडा या विषारी सापाच्या दंशावर ती चालत नाही. त्याचा दंश बहुधा सूज आणि वेदनेवर थांबतो, तरी उपचार रुग्णालयातच घ्यावा. मण्यारीच्या दंशात लशीइतकाच कृत्रिम श्वासाचा आधार महत्त्वाचा असतो, त्यामुळे गंभीर रुग्णाला कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, लोकांच्या भाषेत सीपीआरला, हलवले जाते.

सापाविषयीची भीती कमी करण्याचे खरे काम चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडी या छोट्या गावातल्या शाळेने केले. तिथे पोरांना साप ओळखायला शिकवले गेले, आणि गावाची ओळखच सर्पशाळेचे गाव अशी झाली. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीइतकी या शाळेची चर्चा होत नाही. माझ्या मते ती जास्त व्हायला हवी.

विंचू : मोठ्या विंचवाला बोलीत इंगळी म्हणतात. काळ्या विंचवापेक्षा आकाराने लहान असलेला तांबडा विंचू जास्त घातक, विशेषतः लहान मुलांना. उलट्या, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय आणि धाप ही लक्षणे दिसली तर हृदय धोक्यात आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूचे प्रमाण खाली आणले.

गवा : राधानगरी अभयारण्य १९५८ मध्ये ‘दाजीपूर गवा अभयारण्य’ म्हणून जाहीर झाले. क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीचे हे रान पुढे गव्याच्या नावाने राखले गेले, याचा कोल्हापूरकरांना अभिमान आहे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. पाय गुडघ्याखाली पांढरे, जणू मोजे घातलेले. मूळ स्वभावाने गवा लाजरा आहे. माणसाची चाहूल लागली की कळप झाडीत शिरतो. उन्हाळ्यात गवत सुकते, पाणवठे आटतात आणि खाली हिरवा ऊस दिसतो, तेव्हा तो उतरतो. कळपाबाहेर पडलेला एकटा नर सर्वांत लांब भटकतो. डिसेंबर २०२१ मध्ये गवा कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आला होता. त्याच्या वर्षभर आधी पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा पाठलाग आणि धावपळीने मेला.

गव्याच्या बाबतीत धोका बहुतेक वेळा माणसांची गर्दी तयार करते. मोबाईल घेऊन पोरे मागे लागतात, कोणी दुचाकी आडवी घालतो, कोणी फटाके फोडतो. चारी बाजूंनी अडकलेले हजार किलोचे जनावर जिथे फट दिसेल तिथून निघते, आणि त्या फटीत उभा असलेला माणूस चिरडला जातो. मान खाली घालून, अंग आडवे करून गवा फुसफुसू लागला की तो इशारा देत असतो. त्याला जंगलाकडची वाट मोकळी ठेवावी, दिवे आणि आवाज कमी करावेत. रात्री तो आपला आपण परततो.

हत्ती : २००२ च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्गातील दोडामार्गात आणि पुढे चंदगड, आजरा भागात हत्ती आले. त्याआधीच्या पिढ्यांनी तिथे रानहत्ती पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याच्याशी कसे वागावे याची परंपरागत समजही नव्हती. ऊस, भात, केळी, नारळ आणि फणस यांचे नुकसान मोठे असते. पाण्याचे पाइप आणि पंपाच्या मोटारीही तुडवल्या जातात. पीक राखायला रात्री माळ्यावर बसणे किंवा पहाटे अंधारात रानात जाणे ही त्यातली सर्वांत धोक्याची कामे.

बिबट्या उसाच्या फडात राहतो, पिल्लेही तिथेच घालतो. तोडणीच्या वेळी पिल्ले सापडली तर ती उचलून गावात आणू नयेत. वन विभाग ती त्याच जागी ठेवतो आणि मादी रात्री येऊन घेऊन जाते. पिल्ले हरवलेली मादीच चिडलेली असते. जानेवारी २०१५ मध्ये बिबट्या थेट शहरातल्या रुईकर कॉलनीत शिरला होता. अस्वल मात्र राधानगरी, भुदरगड, चंदगडच्या रानात एप्रिल-मे महिन्यांत करवंदे, जांभळे गोळा करणाऱ्यांना अचानक समोर येते. त्याची नजर अधू असते, ते दचकते आणि थेट चेहऱ्यावर झडप घालते. बोलत, आवाज करत चालणे एवढे पुरते.

मगरीला कृष्णाकाठी सुसर म्हणतात. शिरोळ तालुक्यात कृष्णेत, तसेच वारणा आणि पंचगंगेत तिचा वावर आहे. हिवाळ्यात ती काठावर ऊन खात पडते, उन्हाळ्यात वाळूत अंडी घालून राखण करते. याच दिवसांत पाणी उतरलेले असते आणि धुणे, जनावरे, पोहणे यांसाठी माणूस नदीत उतरतो. पन्हाळा, जोतिबा यांसारख्या डोंगरी ठिकाणी कड्याला लटकलेल्या आग्या मोहोळाखाली धूर करणे किंवा दगड मारणे जिवावर येते. माश्या उठल्या तर हात न झटकता, तोंड झाकून लांब पळावे.

कुत्रा : या यादीत त्याचे नाव शेवटी आले तरी शहरात खरी भीती त्याचीच. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. चावा किंवा साधा ओरखडा असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करावेत.

भरपाई : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गवा, हत्ती, बिबट्या, अस्वल यांना संरक्षण आहे. वन विभागाच्या मदतवाहिनीचा दूरध्वनी क्रमांक १९२६. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, हत्ती, मगर, रानडुक्कर अशा ठरावीक प्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास शासन वारसांना आर्थिक साहाय्य देते. त्या यादीत साप नाही. सर्पदंशाने शेतकरी किंवा त्याच्या घरातला माणूस दगावल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून दोन लाख रुपयांची तरतूद आहे; त्यासाठी शवविच्छेदन अहवाल किंवा तो नसल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. मांत्रिकाच्या दारात रात्र काढलेल्या घराकडे यातला एकही कागद नसतो.