नांगर धरायला कॉलेज कशाला?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एखाद्या पोराने अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक कॉलेजात) अ‍ॅग्रीबिझनेस शिकायचं म्हटलं, की घरचे हमखास विचारतात, ''सुपारी-नारळाचं कुळागर शिंपायला तिकडे कशाला जायला हवं?'' वर पुस्ती, की ती कॉलेजं नापासांची.

दोन्ही समज चुकीचे. हे शिक्षण शेतीपेक्षा तिच्या हिशेबाचं अधिक आहे: खर्च, कर्ज, बाजारभाव, साठवण, करार. आपल्याच काजूचं बघा. बिया वाळवून विकल्या की संपलं, असं आपण मानतो. पण शंभर किलो बियांतून गर निघतो जेमतेम पाव भाग. त्यातही अख्खा, पाकळी, तुकडा, प्रत्येकाचा भाव वेगळा. डब्यावरचा '३२०' म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि महाग. हे ज्याला ठाऊक नाही, तो व्यापाऱ्यासमोर मान डोलावतो.

आता 'नापासांचं कॉलेज'. अशी पहिली सरकारी संस्था १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला निघाली. साधारण ६० क्रेडिटांची (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं एकक) दोन वर्षांची पदवी मिळते, मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी. (परदेशी मुलांना ती जास्त पडते, हे मात्र एजंट हळूच सांगतो.)

खरी मेख दुसरीकडेच आहे. 'अप्लाइड' पदवी नोकरीसाठी असते. तिची सगळी क्रेडिटं पुढे चालतीलच असं नाही. क्रेडिटं मान्य करायचा कुठल्या विद्यापीठाशी कॉलेजचा करार आहे, ते प्रवेशाआधी लेखी मागून घ्या.