अफूसम पेप्टाइडे आणि संप्रेरकांचा लगाम : पार्श्वभूमी

मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो हे ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी, १९५५ मध्ये, बॅराक्लो आणि सॉयर यांनी मॉर्फिनमुळे मादी उंदरांतील अंडमोचन थांबते असे दाखवले होते. त्यामागचे कारण मात्र १९७३ मध्ये मेंदूत ओपिऑइड ग्राही (अफूसम द्रव्ये ज्यांना चिकटून काम करतात ती पेशींवरील प्रथिने) सापडल्यावरच शोधता येऊ लागले. १९७५ मध्ये ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून पाच-पाच अमिनो आम्लांची दोन एन्केफॅलिने, म्हणजे मेंदूची स्वतःची अफूसम पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या), वेगळी केली, आणि पाठोपाठ उंटाच्या पियुषिका ग्रंथीतून (मेंदूच्या तळाशी असलेल्या) ३१ अमिनो आम्लांचे तसेच दुसरे पेप्टाइड, बीटा-एंडॉर्फिन, मिळाले. हे बीटा-एंडॉर्फिन आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे पियुषिकेचे संप्रेरक एसीटीएच एकाच मोठ्या प्रथिनातून कापले जातात, हे कळल्यावर या पेप्टाइडांचा विचार केवळ वेदनेपुरता ठेवणे शक्यच नव्हते.

१९७८ मध्ये निरोगी माणसांना एन्केफॅलिनसदृश कृत्रिम पेप्टाइड टोचले असता प्रोलॅक्टिन (दूधनिर्मितीचे संप्रेरक) व वाढ-संप्रेरक वाढले, तर एलएच (अंडमोचन घडवणारे पियुषिकेचे संप्रेरक) आणि कॉर्टिसोल (अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक) घटले. उंदरांत मॉर्फिनची मात्रा दिल्यावर अधिवृक्क संप्रेरक वाढते, माणसात उलट. म्हणून प्राण्यांवरील निष्कर्ष इथे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. शिवाय बाहेरून दिलेल्या मात्रेवरून ग्राही काय करू शकतात एवढेच समजते, शरीराची स्वतःची पेप्टाइडे रोज काय करतात ते नाही.

या प्रश्नाचे उत्तर ग्राही अडवणाऱ्या नॅलोक्सोनने दिले, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा तोच आहे. नॅलोक्सोन दिल्यावर स्त्रियांमध्ये एलएच वाढते, पण पाळीनंतरच्या पहिल्या दिवसांत फारसे नाही. अंडमोचनाच्या आधीच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात ते ठळकपणे वाढते. म्हणजे मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातून सुटणाऱ्या आणि पियुषिकेला एलएच सोडायला लावणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकावर या पेप्टाइडांचा लगाम असतो आणि तो किती आवळायचा हे अंडाशयाची संप्रेरके ठरवतात. मोठ्या मात्रेत नॅलोक्सोनने एसीटीएच आणि कॉर्टिसोलही वाढतात. प्रोलॅक्टिनची मूळ पातळी मात्र फारशी हलत नाही.

पुढे, जीएनआरएचला चालना देणारे किसपेप्टिन तयार करणाऱ्या चेतापेशींतच डायनॉर्फिन हे आणखी एक अफूसम पेप्टाइड सापडले. जीएनआरएच ठरावीक अंतराने स्पंदांत सुटते आणि प्रत्येक स्पंदानंतर डायनॉर्फिनच त्या पेशींना थोपवते, असे आज मानले जाते. ओपिऑइड औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटते व स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, तेही जीएनआरएचवरील हाच दाब वाढल्यामुळे.